एका ट्रेच्या सरहद्दी

ओट्स भाजताना मधूनमधून हलवायचे असतात,
हे पाकिटावर लिहिलेलं नाही.
तीन ट्रे काळे करून मी ते शिकलो.

मी बर्फ काढायचा ट्रक चालवतो, काउंटीचा.
रात्री दोनला निघतो, पुढे पोलादी फाळ,
डुलुथच्या चढांवर मीठ पसरत.
त्यामुळे मिठाचा अंदाज हातात बसलाय:
या पातेल्यात चिमूटभर. बस.

रविवारी चारला ओव्हन लावतो.
सहाला पुलापलीकडून कार्ला येते
मुलांना न्यायला; एक आठवडा तिचा, एक माझा.
तिच्या आठवड्याचे खाऊचे डबेही मीच भरतो.
तसं कागदावर कुठे ठरलेलं नाही.
तीही कधी नको म्हणाली नाही.

मध आणि मेपल सिरप मंद आचेवर.
पाक गोळीबंद नको, नाहीतर दाताशी भांडण;
कच्चा राहिला तर वडी हातात येताच भुगा.
मधला तो अर्धा मिनिट
स्वतःहून सांगत नाही की मी आलो.

शाळेत शेंगदाण्याला बंदी.
सोरेनच्या वर्गातल्या विनीला नुसत्या वासाने धाप लागते,
म्हणून सूर्यफुलाच्या बियांचं लोणी.
आधी सोरेन कुरकुरला,
आता विनीचा राखणदार असल्यासारखा
प्रत्येक डबा हुंगून बघतो.

ट्रे एकच. वर बोटाने रेघ मारतो.
डावीकडे सोरेनचं राज्य: चॉकलेटचे तुकडे,
आणि दुसरं काही म्हणजे काही नाही.
उजवीकडे ॲनिकाचं: भोपळ्याच्या बिया, दालचिनी,
आणि नोव्हेंबरपासून, तिच्या सांगण्यावरून,
मनुका.

मनुका!
जी मुलगी तीन वर्षांची असताना
पावातून एकेक मनुका उपसून
खिडकीच्या कठड्यावर रांगेत मांडायची
आणि म्हणायची, बाबा, माश्या.
वाटलं, मोठी झाली, जीभ बदलली.
मला बरंही वाटलं. मूठ जरा सैल सोडली.

आज पेल्याच्या बुडाने ट्रे दाबत होतो,
सगळा जीव त्या दाबण्यात असतो,
आणि सोरेन मागून म्हणाला,
"तिची वडी ती खातच नाही. बसमध्ये देऊन टाकते."
ॲनिकाने त्याला टेबलाखालून लाथ मारली.
मला वर फक्त कप हललेला दिसला.

"कुणाला?"
उत्तर नाही.
मग बऱ्याच वेळाने, बुटाची नाडी बांधता बांधता:
"डेझमंडला. तो म्हणतो, त्याला भूक नसते."

मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर काहीतरी शहाणं बोललो असतो
आणि तिने पुढच्या आठवड्यात
मनुका मागणं सोडलं असतं.

रेघ पुसली. पेल्याने पुन्हा दाबलं.
आता तीन रेघा.
"मग तुझ्यात काय घालू?"
"क्रॅनबेरी," ती म्हणाली, इतक्या पटकन
की तीन महिन्यांची क्रॅनबेरी
तिच्या तोंडात तयारच होती.
"आणि चौथा भाग?" सोरेनने विचारलं.
चौथा माझा. सगळ्यांचं उरलेलं.

ओव्हनमधून निघाला तेव्हा साडेपाच.
गरम वडी कापली तर फुटते,
थंड व्हायला तास लागतो.
बाहेर उणे सतरा.
ट्रे तसाच मागच्या पायरीवर बर्फात ठेवला,
वर उलटी परात, खारीसाठी.
वीस मिनिटांत वड्या पडल्या, कडा सरळ.
माझ्या नोकरीचा घरात झालेला हा एवढाच फायदा.

चिकटपट्टीवर पेनाने नावं.
तिसऱ्या डब्यापाशी हात थांबला.
"स्पेलिंग सांग."
"नाव नको लिहूस, बाबा," ॲनिका म्हणाली.
"माझंच लिही. दोन्हींवर."

कार्लाचा हॉर्न. एकदाच, छोटा.
जिन्यात बुटांचा आवाज, मग नाही.

आता पहाटेचे तीन.
माझा भाग नीट दाबला गेला नव्हता, फुटला.
कपच्या खोबणीत भुगा आहे,
गिअर बदलताना चिमूट चिमूट उचलतो.
चॉकलेट. बी. काहीतरी आंबट.
मग एक मनुका.
खिडकी किंचित खाली केली, पुन्हा वर केली,
आणि ती तिथेच
डॅशबोर्डवर ठेवली.